ध्रुवप्रदेशातील तरुण संशोधक आणि स्थानिक जनता

उत्तर ध्रुवाभोवतालच्या प्रदेशात दरवर्षी उन्हाळ्यात निरनिराळ्या देशांतील विद्यापीठांचे तरुण संशोधक दाखल होतात. कोणी बर्फाची जाडी मोजतो, कोणी माशांचे नमुने घेतो. हंगाम संपताच ही मंडळी परततात आणि त्यांचे निष्कर्ष दूरच्या शहरांत, इंग्रजी नियतकालिकांत प्रसिद्ध होतात. ज्यांच्या भूमीवर हे संशोधन झाले, त्या लोकांच्या हाती मात्र दीर्घकाळ फारसे काही पडत नसे.

अर्थात, निष्कर्ष सांगणे हे वाटते तितके सोपे नाही. कॅनडाच्या क्वेबेक प्रांताच्या उत्तरेस नुनाविक हा इनुइट लोकांचा प्रदेश आहे. समुद्रालगत वसलेली अवघी १४ गावे; एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्यास रस्ता नाही. १९८० नंतरच्या दशकात येथील मातांच्या दुधाची तपासणी करण्यात आली. कारखान्यांपासून इतक्या दूरचे दूध शुद्धच असणार, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात, विजेच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये वापरल्या जाणाऱ्या पीसीबी या घातक रसायनाचे प्रमाण दक्षिणेकडील मातांच्या दुधापेक्षा कितीतरी अधिक आढळले. हे रसायन वाऱ्याबरोबर व सागरी प्रवाहांबरोबर उत्तरेकडे येते आणि सील, देवमासा यांच्या चरबीत साठते. हेच प्राणी इनुइटांचे परंपरागत अन्न होत.

आता मातांना सांगावयाचे काय? "दुधात विष आहे" एवढेच सांगितले, तर बाळाला अंगावर पाजणे थांबणार. शिकार सोडावी, तर दक्षिणेकडून येणारे महागडे आणि पुष्कळदा निकस अन्न घ्यावे लागणार. अखेर इनुइट प्रतिनिधी, आरोग्य अधिकारी व संशोधक यांनी एकत्र बसून लाभ आणि धोका यांचा विचार करण्याची पद्धत सुरू झाली. मातांनी स्तनपान चालू ठेवावे, असाच सल्ला देण्यात आला. पुढे पाऱ्याच्या दुष्परिणामांचा अभ्यास झाला, तेव्हा २०११ मध्ये प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांना केवळ बेलुगा देवमाशाचे मांस कमी करण्यास सांगण्यात आले. इतर परंपरागत अन्नावर सरसकट बंदी घालण्यात आली नाही.

शेजारच्या नुनावुतमध्ये संशोधनासाठी परवाना लागतो. अर्जासोबत सोप्या भाषेतील गोषवारा इनुक्टिटुट भाषेतही द्यावा लागतो आणि त्यावर गावाचे मत घेतले जाते. तरुण संशोधकाची खरी अडचण निराळीच असते. पदवीचा अवधी चार-पाच वर्षांचा, आणि गावाचा विश्वास संपादन करण्यास जवळजवळ तितकाच काळ लागतो. निष्कर्ष सांगण्यासाठी पुन्हा उत्तरेस जावयाचे, तर विमानभाड्याची तरतूद हवी. मूळ अंदाजपत्रकातच ती नसेल, तर तो प्रवास घडणे कठीण. २००७-०८ च्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षाच्या सुमारास तरुण ध्रुवीय शास्त्रज्ञांची एक आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. शाळांत व जनतेत जाऊन विज्ञान समजावून सांगणे हा तिच्या कार्याचा एक भाग आहे.

इनुइटांची मागणी मात्र याहून पुढची आहे. कॅनडातील त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१८ मध्ये संशोधनविषयक धोरण जाहीर केले. संशोधनाचे विषय ठरविण्यात, निधीच्या विनियोगात आणि जमविलेल्या माहितीच्या मालकीत इनुइटांना अधिकार हवा, असे त्यात स्पष्टपणे नमूद करण्यात आले आहे.