ग्लुकोजचं कडं हाताने काढ

चि. मृण्मयी,


कर्बोदकं आणि मेद हा धडा म्हणजे नुसती नावांची रास आहे, तीनदा वाचूनही लक्षात राहत नाही, असं तू लिहिलंस. माझं ऐक. आठवडाभर ती नावं बाजूला ठेव आणि पेन्सिल घे. ग्लुकोजचं कडं काढ: पाच कार्बन, एक ऑक्सिजन, सहावा कार्बन कड्याबाहेर. पहिल्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट खाली काढलास तर अल्फा, वर काढलास तर बीटा. बाकी सगळं तेच.

आता अल्फा ग्लुकोज एकापुढे एक जोडत जा, पहिला कार्बन पुढच्याच्या चौथ्याला. साखळी वळत जाऊन सर्पिल होते. हा भाता-बटाट्यातला स्टार्च. त्या सर्पिलाच्या पोकळीत आयोडीन शिरतं, म्हणून प्रयोगात तो निळा दिसतो. बीटा जोडायला घेतलंस तर प्रत्येक दुसरा रेणू उलटा बसवावा लागेल. साखळी सरळ राहते आणि शेजारच्या साखळ्यांना हायड्रोजन बंधांनी घट्ट धरते. हा सेल्युलोज. तुझा सुती कुडता म्हणजे बहुतांशी ग्लुकोजच, पण आपल्या लाळेतल्या अमायलेजला फक्त अल्फा बंध तोडता येतो. गाय कडबा पचवते, तीसुद्धा तिच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांच्या जोरावर. एका गटाची दिशा बदलली आणि अन्नाचं लाकूड झालं! इतकी वर्षं शिकवूनही मला याचं नवल वाटतं.

ग्लायकोजनवर वेळ घालवू नकोस. तोही अल्फाच, फक्त फांद्या जास्त.

मेदाम्लंही अशीच काढून बघ. स्टिअरिक, ओलेइक, लिनोलेइक, तिघांतही 18 कार्बन. स्टिअरिक वितळतं सुमारे 70 अंश सेल्सिअसला, ओलेइक 13च्या आसपास, लिनोलेइक तर शून्याखाली 5 अंशांना. स्टिअरिकमध्ये दुहेरी बंध नाही, ओलेइकमध्ये एक, लिनोलेइकमध्ये दोन. निसर्गातला दुहेरी बंध बहुधा सिस असतो. तिथे साखळीला बाक येतो आणि रेणू एकमेकांना खेटून बसू शकत नाहीत. म्हणून शेंगदाण्याचं तेल पातळ. मग खोबरेल थंडीत का गोठतं? त्यातली बहुतेक मेदाम्लं संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेली, असतात म्हणून. पण त्यांच्या साखळ्या आखूड, मुख्य लॉरिक आम्ल 12 कार्बनचंच, त्यामुळे 24-25 अंशांपुढे लगेच वितळतं. नियम कळला की असं अडवणारं उदाहरण मुद्दाम शोधत जा. तिथेच समज पक्की होते.

एक ग्रॅम मेदातून 9 किलोकॅलरी आणि कर्बोदकातून 4, हे आकडेही घोकू नकोस. ऑक्सिजन मोज. ग्लुकोजच्या 6 कार्बनांना 6 ऑक्सिजन, पामिटिक आम्लाच्या 16 कार्बनांना फक्त 2. ग्लुकोजचं ऑक्सिडीकरण आधीच बरंचसं झालेलं आहे. मेदाचं जवळजवळ सगळं व्हायचंय, म्हणून त्यातून ऊर्जा जास्त निघते.

शेवटी पेशीपटल काढ. फॉस्फोलिपिडची फॉस्फेटची डोकी पाण्याकडे, शेपट्या आत, असे दोन थर. काढून झालं की एका प्रश्नाचं उत्तर लिही: थंडीत वाढवलेल्या ई. कोलाय जिवाणूंच्या पटलात असंपृक्त मेदाम्लांचं प्रमाण वाढतं, ते का? पुस्तक न उघडता लिही आणि आकृतीसकट मला पाठव.

तुझी,
आत्या