अर्जातला 'शुड' उद्धट आहे का?

प्रश्न : रजेच्या अर्जात 'आय रिक्वेस्ट दॅट आय शुड बी ग्रँटेड लीव्ह' लिहिलं तर साहेबांना हुकूम वाटेल का? — एक वाचक, बीरगांव (रायपूर)

उत्तर : नाही. 'दॅट'नंतरचा 'शुड' स्वतः आज्ञा देत नाही. त्याचा जोर आधीच्या क्रियापदावरून ठरतो. 'विनंती आहे की रजा मिळावी' यातल्या 'मिळावी'सारखाच तो. राज्यघटनेचं कलम २४९ पाहा. राष्ट्रहितासाठी संसदेने राज्यसूचीतल्या विषयावर कायदा करावा, असा ठराव राज्यसभा करते. इंग्रजी पाठात तिथे 'शुड'च आहे, आणि राज्यसभा काही संसदेला हुकूम सोडत नाही. अमेरिकेत 'शुड' गाळून नुसतं 'बी ग्रँटेड' लिहितात, हा आक्षेप खरा. पण त्याने ब्रिटिश धाटणीचा 'शुड' चूक ठरत नाही. सोमवारपासून रजा हवी असेल, तर काळजी घ्या ती 'फ्रॉम मंडे'ची. ते 'रिक्वेस्ट'ला चिकटवलंत तर सोमवारपासून रजा नव्हे, विनंती सुरू होईल. त्याची जागा 'लीव्ह'नंतर.