जमा, खर्च, देणे, येणे

आजच्या धड्यातले शब्द घरच्या हिशेबाच्या वहीतले आहेत. आजी-आजोबांच्या तोंडून ते कानावर पडले असतील. पण पैशाची बोलणी आपण हिब्रूत करतो, म्हणून ते तरुणांच्या जिभेवर बसलेले नाहीत.

सुरुवात पगाराच्या चिठ्ठीपासून करू. तलुशवर ब्रुतो असते ते ढोबळ, नेतो असते ते निव्वळ. मधली रक्कम सगळीच गेली असे समजू नका. पेन्शनसाठी आपले 6 टक्के कापले जातात आणि मालक त्यात स्वतःचे 6.5 टक्के घालतो, शिवाय नोकरी सुटतानाच्या भरपाईपोटी आणखी 6 टक्के. ही बचतच आहे, डोळ्यांना दिसत नाही एवढेच.

आता एक नमुना. आकडे धड्यापुरते आहेत. रामलेचा एक तरुण, निव्वळ पगार 8,400 शेकेल. महिन्याच्या आरंभी खात्यात शिल्लक 2,200. त्याने लिहिलेला खर्च असा: दोघांत घेतलेल्या घराचे भाडे, त्याच्या वाट्याचे 2,300, दोन महिन्यांची अर्नोना 620, वीज-पाणी 480, किराणा 1,900, प्रवास 700, फोन 120, शब्बाथ आणि सणाचे 400, फ्रीजचा हप्ता 450. बेरीज 6,970.

आरंभीची शिल्लक 2,200, त्यात जमा 8,400, त्यातून खर्च 6,970 वजा. अखेरची शिल्लक 3,630 यायला हवी. बँकेत मात्र 3,100 निघाले. 530 शेकेल कुठे गेले?

या पडताळणीला ताळा म्हणतात, आणि वहीचा खरा उपयोग इथेच आहे. नुसता खर्च लिहिणारा जे आठवते तेच लिहितो. ताळा करणाऱ्याला न आठवलेलेही सापडते: कोपऱ्यावरचे फलाफल, कॉफी, बंद करायचे राहिलेले एखादे मासिक शुल्क. महिन्याला 530 म्हणजे वर्षाला 6,360. त्याच्या फ्रीजचे उरलेले सगळे हप्ते मिळून 5,400 होतात!

एक खबरदारी घ्या. कार्डावर घेतलेली वस्तू या पानावर लिहायची ती खात्यातून पैसे गेले त्या दिवशी. नाहीतर ताळा जमत नाही. तोवर ती रक्कम देणे असते.

म्हणून वहीला दुसरे पान लागते. डावीकडे आपले जे आहे ते, म्हणजे हातातले आणि येणे; उजवीकडे देणे. आपल्या तरुणाकडे बँकेत 3,100 आणि केरेन हिश्तलमुतमध्ये 27,000, मिळून 30,100. देणे: फ्रीजचे उरलेले 12 हप्ते 5,400 आणि भावाकडून उसने घेतलेले 4,000, मिळून 9,400. निव्वळ मालमत्ता 20,700. पेन्शन वेगळ्या ओळीत लिहावी, ती आज हाताशी नाही. केरेनही साधारणपणे सहा वर्षे झाल्यावर कर न भरता काढता येते, म्हणून तिच्यापुढे तारीख लिहून ठेवावी.

खाते मिनुसमध्ये असेल तर तो आकडा उजवीकडे जातो. इथे मिनुसबद्दल लोक हवापाण्यासारखे बोलतात, पण ते बँकेचे व्याजी कर्ज आहे. मराठीत कर्ज आणि उसने हे शब्द वेगळे आहेत. उसने शेजारपाजारचे, जेवढे घेतले तेवढेच परत करायचे, मग ते पीठ असो की पैसे. आपसांत व्याज घेऊ नये ही तोराची आज्ञा आहे, आणि गमाखमधून मिळते तेही या अर्थाने उसनेच.

‘पै न् पैचा हिशेब’ यातली पै कोणती, ते वडीलधाऱ्यांनी वर्गात सांगावे. 1957 साली भारतात दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे 16 आणे आणि आण्याच्या 12 पै, म्हणजे रुपयाच्या 192 पै. अशी बेरीज तोंडी करणाऱ्यांपुढे आपल्या मोबाईलची फुशारकी नको.

अभ्यास

पुढच्या महिन्याचा जमाखर्च मराठीत लिहा आणि अखेरीस ताळा करा. फरक आला तर तो खोडू नका, ‘सुटलेला खर्च’ म्हणून लिहा.

घरातल्या मोठ्यांना विचारा: त्यांच्या घरी हिशेब कोण लिहीत असे, आणि कशावर? त्यांची शिल्लक विचारू नका, शब्द विचारा. नवा शब्द मिळाला तर वर्गात घेऊन या.