बाळ रडले नाही तर

मूल जन्मले की घरातले सगळे कान देऊन बसतात. बाळ रडले की सुईण म्हणते, "सुटली बाई!" रडताना बाळ पहिला श्वास घेते, म्हणून एवढा आनंद. पोटात असताना त्याला श्वास घ्यावा लागत नाही. आईच्या रक्तातला प्राणवायू वारेतून, नाळेतून त्याला मिळतो. बाळंतपण अडले किंवा नाळ दबली, तर हा पुरवठा तुटतो. मग बाळ निळे किंवा पांढरे पडते. निपचित जन्मते.

अशा वेळी मोठा धोका मेंदूला. हातपाय थोडा वेळ कळ काढतात. मेंदूला तेवढा दम निघत नाही. काही बाळे दगावतात. काही जगतात, पण त्यांना झटके येतात. मान धरत नाहीत, चालायला-बोलायला फार उशीर लागतो. लोक म्हणतात, ग्रहण लागले. पण ग्रहणाचा यात काही संबंध नाही. मेंदूची उपासमार झालेली असते.

यावर उपाय शोधणारे एक डॉक्टर न्यूझीलंड देशात आहेत. त्यांचे नाव ॲलिस्टर गन. त्या देशात माणसांपेक्षा मेंढ्या जास्त! गन आणि त्यांच्या सोबत्यांनी मेंढीच्या पोटातल्या कोकरांवर अभ्यास केला. त्यांना काय दिसले? इजा झाली तरी मेंदू एकदम मरत नाही. काही तास तो सावरल्यासारखा वाटतो, आणि मग पुन्हा ढासळतो. मधल्या वेळेत कोकराचे डोके गार ठेवले, तर मेंदूचा बराच भाग वाचतो. हे त्यांनी १९९७ साली मांडले. पुढे माणसांच्या बाळांवरही हा उपचार सुरू झाला. जन्मल्यापासून सहा तासांच्या आत बाळाला यंत्राने गार करायचे आणि तीन दिवस तसेच ठेवायचे. श्रीमंत देशांत त्याचा गुण आला.

मग आपल्याकडे का नको? तेही तपासून पाहिले. लंडनचे डॉक्टर सुधीन थय्यिल यांनी भारत, श्रीलंका आणि बांगलादेश इथल्या ४०८ बाळांचा अभ्यास केला. मुंबईचे शीवचे रुग्णालयही त्यात होते. २०२१ साली निकाल आला. गार न केलेल्या १०० बाळांत ३१ दगावली. गार केलेल्या १०० बाळांत ४२! डॉक्टरांचा कयास असा, की इथल्या पुष्कळ बाळांच्या मेंदूला इजा आधी पोटातच सुरू झालेली असावी. उपाय लागू पडला नाही, हे त्यांनी लपवले नाही. आम्हांला याचे मोल फार वाटते.

म्हणून नीट ऐका. "गारव्याने मेंदू वाचतो" असे कोणी सांगितले, तरी घरी बाळाला गार करू नका. न रडणाऱ्या बाळावर गार पाणी शिंपडतात, त्याला उलटे धरून थापट्या मारतात. हे करू नये. स्वच्छ कोरड्या फडक्याने लगेच पुसावे, पाठ चोळावी, ऊब द्यावी. तरीही श्वास आला नाही, तर तोंडावर मुखवटा लावून पिशवीने हवा द्यावी लागते. ती पहिल्या मिनिटातच द्यायची असते. हे काम शिकलेल्या हातांचे आहे.

ते हात डॉक्टरांचेच हवेत असे नाही. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावच्या बायांना आरोग्याचे काम शिकवले. त्यांतल्या कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावच्या बायांना बाळाला हवा द्यायलाही शिकवले. तिथे जन्मताच फार गुदमरलेल्या १०० बाळांपैकी ३९ दगावत. ते प्रमाण २० वर आले.

आता दवाखान्यातच बाळंत होणे बरे. पण पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या बायका ऊसतोडीला जातात, आणि दिवस भरलेली बाई फडात अडते. तिला शक्यतो नेऊ नये. न्यावेच लागले, तर कोपी घातली त्याच दिवशी तिथल्या आशाताईंना गाठावे. बाळंतपणाचा दवाखाना किती लांब आहे, रात्री तिथे कोण असते, हे विचारून ठेवावे. १०८ क्रमांकाला फोन केला की सरकारी गाडी येते. हा आकडा कोपीत दिसेल असा लिहून लावावा. आता आपल्याला लिहिता येते.