मधुमेह वारशाने येतो, म्हणजे नेमकं काय येतं?



मागच्या पालक सभेत एका आईने विचारलं, "मॅडम, याच्या आजोबांना शुगर, वडिलांनाही निघाली. मग याला होणारच ना?" मी 'काळजी घ्या' म्हणून वेळ मारून नेली. ते मनाला लागून राहिलं, म्हणून थोडं वाचलं. (हे सगळं मोठेपणी होणाऱ्या टाईप 2 मधुमेहाबद्दल आहे.)

वाळवंटात एक उंदीर राहतो. खारट जमिनीतल्या झुडपांचा रसाळ पाला खातो आणि ठणठणीत असतो. 1960 च्या दशकात त्याला प्रयोगशाळेत आणून उंदरांचं नेहमीचं तयार खाद्य दिलं, तर बरेच उंदीर लठ्ठ झाले, रक्तातली साखर चढली. सगळ्यांची नाही बरं का! आणि तेच खाद्य साध्या पांढऱ्या उंदरांना बाधत नाही. म्हणजे प्रवृत्ती वारशाने आली होती, तिला जागं केलं खाण्याने.

दुसरा प्रयोग आपल्या पुण्याशी जोडलेला आहे. डॉ. आनंदवर्धन हार्डीकर आणि सहकाऱ्यांनी तो 2015 मध्ये प्रसिद्ध केला. उंदरांना तब्बल 50 पिढ्या अपुरं खाणं दिलेलं होतं. त्यांची पिल्लं कमी वजनाची, पण पोटात चरबी जास्त. ब जीवनसत्त्वांपैकी बी-12 आणि फोलेट कमी. मधुमेह घडवणारं रसायन दिल्यावर त्यांना धोका आठपट. पुढे दोन पिढ्या पोटभर खाऊ घातलं, तरी फरक पडला नाही. इन्सुलिनच्या जनुकावरच्या रासायनिक खुणा बदलल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. उपासमारसुद्धा वारशात उतरते, हे वाचून मी थांबलेच.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरं. पण पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर मातांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली 3.5 किलोची. आपली बाळं दिसायला किडकिडीत, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त.

आता आपल्या जुन्नर-आंबेगावकडे बघा. आजी-आजोबा 1972 च्या दुष्काळाचं सांगतात, आणि नातवाच्या दप्तरात नाचणीच्या भाकरीऐवजी चिप्सचा पुडा निघतो. अर्धपोटी पिढ्यांनंतर एकदम हे खाणं!

त्या आईला मी आता सांगितलंय: रोग येत नाही, प्रवृत्ती येते. पुडा बंद करा, भाकरी, उसळ, अंडं द्या, संध्याकाळी मैदानात सोडा. आणि याच्या बहिणीच्या ताटाकडे तितकंच लक्ष द्या, कारण उद्याच्या बाळाचं वजन तिच्या आजच्या जेवणावरही ठरतं. त्यावर त्या हळूच म्हणाल्या, "आमच्यात मुली मागून जेवतात, मॅडम."