बंबाचा धूर जातो कुठे?

प्रश्न : घरात गॅस आहे, पण सासूबाई आंघोळीचं पाणी अजून बंबातच तापवतात. मागच्या पडवीतला एवढासा धूर खरंच बाधतो का?

उत्तर : बाधतो, आणि सगळ्यात आधी त्यांनाच. ओलं लाकूड धुमसलं की २.५ मायक्रॉनहून बारीक कण सुटतात. ते नाकात न अडकता थेट फुप्फुसात उतरतात. या कणांची २४ तासांची मर्यादा आपल्याकडे घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची १५. फुंकणी घेऊन वाकलेल्या माणसापुढे दोन्ही आकडे कागदावरचेच. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार, वरची उबदार. मग धूर वर चढत नाही, गल्लीतच रेंगाळतो आणि शेजारच्या दमेकऱ्याला छळतो. काजळी मात्र दूरवर जाते. उत्तर भारतातल्या चुली, वीटभट्ट्या, डिझेल यांची काजळी हिमालयातल्या बर्फावर बसते. काळवंडलेला बर्फ जास्त ऊन शोषून लवकर वितळतो.

बंब मोडीत काढा असं मी म्हणणार नाही. सासूबाई ऐकणारही नाहीत! लाकूड वाळलेलं घ्या, पेटवायला प्लास्टिकची पिशवी मुळीच नको. आणि पावसाळ्यात बंब उचलून बंद न्हाणीघरात नेऊ नका. तिथे साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.