चुंबकाच्या साह्याने वाघिणी सोडविणे

प्रतिकृती-रेल्वेत वाघिणी जोडणे सोपे असते. त्या सोडविणे मात्र अवघड. एन प्रमाणातील गाडी मूळ गाडीच्या सामान्यतः १/१६० असते आणि तिच्या दोन रुळांतील अंतर अवघे ९ मिलिमीटर. अशा वाघिणी बोटांनी सोडवू लागल्यास त्या रुळांवरून घसरतात. म्हणून अमेरिकेतील केडी कंपनीने रूढ केलेली चुंबकीय पद्धत अनेक छांदिष्टांनी स्वीकारली.

या पद्धतीत प्रत्येक आकड्याखाली पोलादी तारेची वाकडी शेपटी लोंबत असते, तर रुळांच्या मधोमध कायम चुंबक बसविलेला असतो. जोडणी त्यावर येऊन सैल झाली, की दोन शेपट्या परस्परविरुद्ध रुळांकडे खेचल्या जातात व आकडे उघडतात. जोडणीवर ताण असेल, तर ते उघडत नाहीत. चालती गाडी चुंबकावरून अखंड निघून जावी आणि इंजिन थांबवून किंचित मागे घेतले तरच वाघीण सुटावी, अशी ही योजना आहे.

अडचण उद्भवते ती अशी, की चुंबक शेपटी व आस असा भेद जाणत नाही. वाघिणीची आस किंवा वजनाची पट्टी लोखंडी असल्यास चुंबक तिलाही ओढतो. हलकी वाघीण एकदम पुढे झेपावते, ताण नाहीसा होतो आणि गाडी भलत्याच ठिकाणी तुटते. याउलट, आकडा अडखळत असेल, तर हवे तेथेही तो उघडत नाही. अशा वेळी अधिक प्रबळ चुंबक बसविण्याचा मोह होतो; परंतु त्यामुळे पहिला दोष बळावतो.

म्हणून तपासणी वाघिणीपासून सुरू करावी. आकड्याची उंची मापकाने पाहावी; शेपटी रुळांना किंवा चुंबकाला घासता कामा नये. आकडा बोटाने बाजूस सारल्यावर आपोआप मध्यभागी यावा. तो अडखळल्यास ग्रॅफाइटची पूड वापरावी. तेलावर धूळ साचते. लोखंडी आसांच्या जागी पितळी किंवा प्लॅस्टिकच्या आसा बसवाव्यात. तरीही वाघीण झेपावत असेल, तर एका आसेला अगदी हलकी स्प्रिंग टेकवून थोडे घर्षण निर्माण करावे. चुंबकाची जागा सरळ व सपाट रुळावर असावी. मुख्य मार्गावर विद्युतचुंबक अधिक सोयीचा, कारण त्याचे आकर्षण कळ दाबली असतानाच चालू राहते.

एका वेळी एकच बदल करावा व तीच वाघीण पुनःपुन्हा चालवून पाहावी. असे केल्यासच खरा दोष हाती लागतो.